मॉडेलमधला डोंगर वाऱ्याला नीट अडवत नाही? या चुका टाळा

हवामानाच्या संगणकीय मॉडेलवर हिवाळ्याचा अंदाज चालवला की उत्तर गोलार्धातले पश्चिमी वारे दिवसागणिक प्रमाणाबाहेर जोर धरतात, ही तक्रार जुनी आहे. १९८०च्या दशकात मॉडेलांचं रिझोल्यूशन सुधारलं, म्हणजे पृथ्वीवर आखलेली चौकोनांची जाळी (ग्रिड) बारीक झाली, तसा हा दोष उलट जास्त ठळक झाला. कुणी डोंगरांची उंची मुद्दाम वाढवून पाहिली. पुढे १९८६ मध्ये पामर, शट्स आणि स्विनबँक या हवामानशास्त्रज्ञांनी खरं दुखणं दाखवून दिलं: ग्रिडच्या चौकोनापेक्षा लहान, म्हणून मॉडेलला न दिसणाऱ्या डोंगरांवरून हवेच्या ज्या लहरी वर जातात, त्यांचा अवरोध मॉडेलात धरलेलाच नव्हता.

आजही वारा जास्त दिसला की पुष्कळांचा हात आधी पृष्ठभागाच्या खडबडीतपणाकडे जातो. ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. खडबडीतपणा वाढवला की जमिनीलगतचे थर मंदावतात, दहा मीटर उंचीवरचा वारा बिघडतो आणि वरचा जोराचा वारा बराचसा तसाच राहतो. डोंगर हवेला फक्त घासत नाही, तो तिला तीन वेगवेगळ्या प्रकारे थोपवतो.

साधा हिशोब करून पाहा. वारा सेकंदाला १० मीटर आणि हवेच्या स्थिरतेची वारंवारता (वर ढकललेली हवा किती झपाट्याने खाली-वर झुलते त्याचं माप) सेकंदाला ०.०१ धरा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १ किलोमीटर येतं. एवढी उंची चढण्याचं बळ साधारणपणे त्या वाऱ्यात आहे. समोर ३०० मीटरची टेकडी असेल तर हवा वरून निघून जाते आणि मागे लहरी उठवते. ३ किलोमीटरचा डोंगर असेल तर माथ्याजवळचा किलोमीटरभर थर ओलांडतो आणि खालची हवा तुंबते किंवा वळसा घालते. या तुंबलेल्या हवेचा अवरोध लॉट आणि मिलर यांनी १९९७ मध्ये लहरींसोबत एकाच योजनेत, म्हणजे ग्रिडला न दिसणाऱ्या डोंगरांचा परिणाम अंदाजाने मोजणाऱ्या सूत्रांच्या संचात, बसवला. तिसरा प्रकार लहान उंचवट्यांचा. वरच्याच आकड्यांनी सुमारे ६ किलोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या चढउतारांतून लहर वर जाऊच शकत नाही. तिथे पुढच्या-मागच्या उतारांवरच्या दाबातला फरक आणि खळबळ एवढंच काम करतं.

लहरींची गंमत अशी की त्या डोंगराजवळ वाऱ्याला फारशा अडवत नाहीत. वर घनता कमी होते तशी त्यांची उंची वाढत जाते, शेवटी त्या फुटतात, आणि ब्रेक लागतो तो तिथे, कधी थेट स्थितांबरात. (यांना ‘गुरुत्वीय लहरी’ म्हणणं मी टाळते. त्या नावाने वाचकाला कृष्णविवरं आठवतात. पर्वतलहरी बरं.)

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. ग्रिड २५ किलोमीटरवरून १० वर आणला, सरासरी उंचीची फाइल नवी बनवली, पण चौकोनाच्या आतल्या चढउतारांची, म्हणजे प्रमाण विचलन, उतार आणि दिशा यांची फाइल जुनीच राहिली. अंदाज सुरळीत चालला, कुठे काही मोडलं नाही. फक्त मोठ्या पर्वतांवरचा वारा विचित्र सुस्त दिसे. दोन आठवडे मी योजनेतले गुणांक (अवरोध कमी-जास्त करणारे आकडे) बदलत बसले. मग प्रमाण विचलनाचा नकाशा उघडला, तर हिमालयाच्या कडेने १० किलोमीटरच्या जाळीत २५ किलोमीटरच्या जाड्या पायऱ्या! तोच डोंगर एकदा ग्रिडने मोजला होता आणि पुन्हा योजनेने. लहरींचा अवरोध साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे विचलन दीडपट धरलं गेलं तर अवरोध सव्वादोन पट होतो.

याच्या उलटही घडतं. ‘ग्रिड बारीक झाला, आता योजना बंद करू’ असं म्हणू नका. १० किलोमीटरचा ग्रिड खऱ्या अर्थाने ६० ते ८० किलोमीटरच्या लहरीच नीट दाखवतो. शिवाय गणित स्थिर राहावं म्हणून उंची गुळगुळीत केलेली असते. त्यात जे छाटलं गेलं, ते योजनेच्या खात्यात जमा झालं पाहिजे.

समुद्रातली बेटंही बघा. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया चिंचोळं बेट आहे, पण त्याची शिखरं २,९०० मीटरपर्यंत जातात. जाड ग्रिडवर तो चौकोन समुद्र ठरतो आणि योजना तिथे चालतच नाही. दक्षिण ध्रुवीय भोवरा (हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरात फिरणारे जोराचे वारे) मॉडेलांत उशिरा विरतो, त्यामागे अशा हरवलेल्या अवरोधाचाही हात मानला जातो.

एकाच गुणांकाने सगळं सुधारायला जाऊ नका. जमिनीलगतचा दाब चुकत असेल तर तुंबलेल्या हवेचा भाग तपासा, भोवरा फार बळकट असेल तर लहरींचा. योजनेने वाऱ्यात केलेला बदल उंचीनुसार काढून पाहिला की दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा दिसतं. टाइमस्टेप (मॉडेल एका वेळी पुढे सरकतं तो कालावधी) मोठा असेल आणि वारा थांबण्याऐवजी उलटा वाहू लागला, तर अवरोध इम्प्लिसिट पद्धतीने, म्हणजे पायरीच्या शेवटचा वारा धरून, सोडवला जातोय का ते पाहा.

आणि ग्रिड बदलला की एक बेरीज कराच: ग्रिडवर दिसणाऱ्या डोंगरांवरचा दाबाचा अवरोध अधिक योजनांमधला सगळा. जुन्या आणि नव्या ग्रिडवर ती जवळपास सारखी यायला हवी. हिमालयावर ती दुप्पट निघाली, तर गुणांकाला हात लावण्याआधी फाइल कधी बनवली आहे ती तारीख बघा.