निक्सी नळीत आकडा कसा उजळवावा

निक्सी नळी म्हणजे निऑन वायू भरलेली, आकडा दाखवणारी काचेची नळी. तिच्यात दहा आकडे एकामागे एक उभे असतात. ज्या आकड्याचा कॅथोड (ऋण टोक) ग्राउंडला जोडावा, त्याच्याभोवती निऑन नारिंगी उजळतो. १९५० च्या दशकात बरोज कंपनीने ही नळी बाजारात आणली. सुरुवातीला सोव्हिएत आयएन-१२ घ्या. तिच्यातला ५ म्हणजे उलटा बसवलेला २ आहे, आणि मला तो फार आवडतो! सोबत इनपुटवरचा कोड वाचून दहापैकी एक कॅथोड ग्राउंडला जोडणारी आयसी (चिप) हवी: ७४१४१ किंवा तिची सोव्हिएत बहीण के१५५आयडी१.

आधी सावधगिरी. नळीला सुमारे १८० व्होल्ट डीसी लागतात. १२ व्होल्टवरून ते तयार करणारे बूस्ट मॉड्यूल वापरा, घरातली मेन्स थेट कधीच नको. वीज बंद केल्यावरही मॉड्यूलमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरलेला राहतो, म्हणून त्याच्यावर १ मेगाओहमचा रेझिस्टर कायमचा जोडा आणि हात लावण्याआधी मल्टीमीटरने व्होल्टेज पाहा.

आता अ‍ॅनोड, म्हणजे सगळ्या आकड्यांचे सामाईक धन टोक. पेटलेल्या नळीवर साधारण १४० व्होल्ट राहतात. उरलेले ४० व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे. २.५ मिलिअँपिअरसाठी हिशेब येतो १६ किलोओहम. १५ किंवा १८ चालेल. हा रेझिस्टर गाळला तर करंटला लगाम राहत नाही आणि नळी जाते.

मग दहा कॅथोड आयसीच्या दहा आउटपुटना जोडा. इथे बहुतेकांना शंका येते: जेमतेम ६० व्होल्ट सोसणारी आयसी १८० समोर टिकते कशी? एक आकडा पेटला की अ‍ॅनोड १४० च्या आसपास उतरतो. बंद कॅथोड ६० पर्यंत चढले, तरी त्यांच्या वाट्याला ८० च उरतात, आणि तेवढ्यात निऑन पेटत नाही. म्हणजे आयसीला पूर्ण दाब कधी झेलावाच लागत नाही. आयसीऐवजी साधा ट्रान्झिस्टर वापरायचा तर मात्र जास्त व्होल्टेजचा घ्यावा लागतो.

आता आयसीच्या पिन ५ ला ५ व्होल्ट, पिन १२ ला ग्राउंड. इनपुट ए, बी, सी, डी अनुक्रमे पिन ३, ६, ७ आणि ४ वर आहेत; कोडमध्ये त्यांची किंमत अनुक्रमे १, २, ४ आणि ८. चारही ग्राउंडला जोडा, आधी ५ व्होल्ट आणि मगच १८० सुरू करा: ० दिसेल. ए ला ५ व्होल्ट दिले की १. इनपुट मोकळा सोडू नका, टीटीएल (या आयसीचा प्रकार) त्याला १, म्हणजे ५ व्होल्ट दिल्यासारखे, समजते. १० ते १५ यांपैकी कोड दिला तर ७४१४१ काहीच पेटवत नाही. घड्याळात तासाआधीचा ० लपवायला हे कामी येते.

घड्याळ केलेत तर दर तासाला सगळे आकडे काही सेकंद फिरवा. न वापरलेल्या कॅथोडवर शेजारच्या आकड्यांचा धातू उडून बसतो आणि पुढे तो आकडा अर्धवटच उजळतो.