दर महिन्याला एक २००: लांब पल्ल्याची सायकल राइड वेळेत कशी संपवायची

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची सवय लावायची असेल तर २०० किलोमीटरपासून सुरुवात करावी. ही राइड पहाटे सुरू होऊन त्याच रात्री संपते, ऑफिसला सुट्टी टाकावी लागत नाही, आणि शरीराच्या व सायकलच्या सगळ्या कच्च्या जागा ती उघड्या पाडते. ज्याला दर महिन्याला एक २०० जमतं, त्याला ३०० आणि ४०० साठी नवीन ताकद कमवावी लागत नाही. फक्त दिवे, झोप आणि खाण्याचं नियोजन वाढवावं लागतं.

खाली हिशोब बीआरएमचा (यातल्या राइडला ब्रेवे म्हणतात: ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल राइड) धरला आहे, कारण त्यात वेळेचं बंधन असतं पण शर्यत नसते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँचे नियम, भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्सशी जोडलेले स्थानिक क्लब, आणि पहिला-दुसरा नंबर नाही. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या एका हंगामात चारही पूर्ण केल्या की तुम्ही सुपर रँडोनिअर.

घड्याळाचा हिशोब

चालत्या सायकलचा सरासरी वेग ताशी २० असेल तर २०० किमीला १० तास लागतात आणि साडेतीन तास हातात उरतात. वेग १८ असेल तर साधारण २ तास २० मिनिटं उरतात. १६ असेल तर फक्त एक तास. म्हणजे १६ च्या वेगानंही राइड पूर्ण होते, अट एकच: दिवसभरात एका तासापेक्षा जास्त वेळ सायकलवरून उतरायचं नाही. बहुतेकांची राइड पाय थकल्यामुळे जात नाही, टपरीवर जाते. चहा सांगितला, मग पोहे आले, मग फोटो, मग कुणाचं तरी पंक्चर, आणि पाऊण तास संपला.

थांबा दहा मिनिटांचाच ठेवा आणि उतरायच्या आधीच कामांचा क्रम ठरवा: तिथे पोहोचल्याचा पुरावा म्हणून राइडच्या कार्डवर शिक्का किंवा बिल, बाटल्या भरणं, लघवी, खायचं खिशात टाकणं. खुर्चीवर बसू नका. उरलेलं खाणं सायकलवर. ५० आणि १५० किमीला असे छोटे थांबे आणि १००-११० च्या आसपास अर्ध्या तासाचं जेवण, एवढं पुरतं. महामार्गावरचे स्वच्छतागृह असलेले पेट्रोल पंप आधीच नकाशावर खुणावून ठेवा, विशेषतः महिला रायडर्सनी. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हा फार महागात पडणारा उपाय आहे.

कंट्रोलच्या, म्हणजे वाटेत हजेरी नोंदवायच्या ठिकाणांच्या, वेळाही समजून घ्या. १०० किमीचा कंट्रोल सुरुवातीपासून २ तास ५६ मिनिटांनी उघडतो आणि ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. त्यामुळे पहिल्या ५० किमीत वेगवान गटाच्या मागे लागून काहीच कमवायचं नसतं. तिथे बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. तो कर्जाऊ वेग १४० किमीच्या पुढे व्याजासकट वसूल होतो.

बारा आठवड्यांची तयारी

सध्या ४० किमी आरामात होत असतील तर रविवारची लांब राइड अशी वाढवा: ४०, ५०, ६०, मग ४०, ७०, ८०, ९०, मग ६०, १००, ११५, १३०, मग ७०, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात २००. प्रत्येक चौथा आठवडा मुद्दाम हलका आहे. स्नायू लवकर तयार होतात, गुडघ्याच्या शिरा (टेंडन) आणि बैठक त्यांच्या मागून येतात. हलका आठवडा त्यांच्यासाठी. आठवड्यात मधे दोन दिवस एकेक तास पुरे, त्यातला एक चढावर.

१३० निभावलं की २०० निभतं. त्या १३० मध्ये मात्र २०० च्या दिवशीचीच शॉर्ट, तेच खाणं आणि तेच बूट हवेत. नव्या वस्तूची परीक्षा बीआरएमच्या दिवशी घ्यायची नाही.

पहिल्या २०० नंतरचा महिना साधा ठेवा. पहिला आठवडा हलका, दुसऱ्यात ६०-८०, तिसऱ्यात घाटासह १००-१२०, चौथ्यात दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुन्हा २००. पुणेकरांना पुणे-पाचगणी-पुणे हा मार्ग चांगला आहे: साधारण २०० किमी, जाताना कात्रज, खंबाटकी आणि पसरणी, येताना बराचसा उतार. कोकणात अंतर कमी धरा. तिथे लांब घाट नसला तरी खाडीवरून वर आणि पुन्हा खाली असे आखूड, उभे चढ दिवसभर येत राहतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारखी फेरीबोट मार्गात असेल तर तिच्यासाठी वेगळा अर्धा तास राखून ठेवा.

सायकल: आधी बैठक, मग बाकी सगळं

सॅडलची उंची घरी भिंतीला टेकून तपासा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सॅडल खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर आहे. बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरचाच करा आणि दोन-तीन राइड थांबून बघा. एकदम दोन सेंटिमीटर वर केली की एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आहे. सॅडलचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंगाचं वजन हातांवर घसरतं. आधी ते सपाट करा, मग हँडलच्या टेपकडे बघा. पॅडेड शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवणीनं कातडी सोलते. जांघेत आणि बैठकीवर व्हॅसलीन आधीच लावा आणि १०० किमीला परत लावा.

टायर २८ ते ३२ मिमीचे घ्या. हवा ठासून भरायची सवय मोडा. ७५ किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये पुढे ६५-७०, मागे ७५-८० पीएसआय पुरते. ३२ मिमीला पुढे ५०-५५, मागे ६०-६५. खराब रस्त्यावर दगडासारखा टायर वेग वाढवत नाही, फक्त हादरे मनगटात पाठवतो. गिअरमध्ये पुढे ३४ दात आणि मागे किमान ३२ असले तर पसरणी किंवा कुंभार्ली बसून चढता येतो. घाटात ताशी ८-१० चा वेग ठीक आहे. पाय मिनिटाला ६० पेक्षा कमी फिरत असतील आणि हलका गिअर शिल्लक असेल, तर तो टाका.

पंक्चर

सोबत दोन ट्यूब, पॅच किट, दोन टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, तुमच्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चार-पाच झिप टाय. यात एक छोटी पितळी वस्तू लोक विसरतात: बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारा अडॅप्टर. तो असेल तर गावातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलच्या नळीनं हवा भरता येते. नसेल तर हातपंप मोडल्यावर कंप्रेसर समोर असूनही उपयोग नाही.

महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरचे तुकडे पडलेले असतात आणि त्यातली केसाएवढी पोलादी तार सायकलच्या टायरमध्ये घुसते. नवीन ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट हळूहळू पूर्ण फिरवा. तार दिसत नाही, टोचते. मल्टिटूलच्या पकडीनं किंवा नखानं ओढून काढा. ती तशीच राहिली तर दुसरी ट्यूब पाच किमीत जाते. टायर कापला गेला असेल तर आतून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा लावा, घरी पोहोचेपर्यंत टिकतो.

खाणं-पिणं

तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, आणि सुरुवात पहिल्या पाऊण तासातच. शरीरातला साठा दोन-तीन तासांनी उतरू लागतो. भूक लागल्यावर खाल्लं तर ते पायांपर्यंत पोहोचेस्तोवर उशीर झालेला असतो: डोकं हलकं, चिडचिड, सपाट रस्त्यावरही ताशी १४. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, चार-पाच खजुरांत तेवढेच किंवा थोडे जास्त, एका वाटी भातात ४० च्या आसपास. तासाला एक केळं आणि तीन-चार खजूर असं गणित बसतं. दिवसभर गोड खाऊन वीट येतो, म्हणून गूळपोळीचे तुकडे, खारे शेंगदाणे, मीठ-लिंबू लावलेला उकडलेला बटाटा असं आलटून पालटून ठेवा. राजगिऱ्याचा लाडू चांगला, पण उन्हात पाण्याशिवाय घशात अडकतो.

दुपारी दही-भात, इडली किंवा वरण-भात घ्या. मिसळ आणि वडापाव राइड संपल्यावर. तेल पोटात रेंगाळतं, वाकून बसल्यावर वर येतं आणि पुढचे तीन तास काही खाववत नाही. उसाचा रस, कोकम सरबत बेशक घ्या. रसात बर्फ मात्र नको.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे ना बघा, आणि एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. भरपूर साधं पाणी पिऊनही मळमळतंय, डोकं दुखतंय, बोटं सुजून अंगठी घट्ट झाली आहे, तर मीठ कमी पडलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा आणखी पाणी पिऊ नका. थांबा, खारं खा. बोलणं विस्कळीत झालं तर राइड तिथेच संपवून दवाखाना गाठा.

वारा, पाऊस, अंधार

पावसाळ्यात देशावर वारा पश्चिमेकडून येतो. जाताना पश्चिमेला जा, परतीला तो पाठीशी राहतो. पहिल्या सरीत पांढरे पट्टे आणि सांडलेलं तेल सगळ्यात निसरडे; घाटात सावलीच्या वळणांवर शेवाळ. ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. उतारावर रिम ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम तापते. दाबा, सोडा, दाबा. घरी आल्यावर त्याच दिवशी चेन पुसून तेल लावा.

डिसेंबरात सकाळी ६ ला निघालात तर वेळ संध्याकाळी साडेसातपर्यंत आहे आणि अंधार त्याच्या कितीतरी आधी पडतो. त्यामुळे २०० लाही पुढचा-मागचा दिवा, परावर्तक जाकीट आणि हेल्मेट हवंच. ३०० च्या पुढे दिवे दोन-दोन. झोपेचा सर्वात वाईट काळ पहाटे २ ते ५. पापण्या जड झाल्या, सायकल पांढऱ्या पट्ट्याकडे ओढली जाऊ लागली की तोंड धुऊन पुढे जाण्याचा हट्ट करू नका. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या बाजेवर गजर लावून २० मिनिटं झोपा. ६०० ला साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान दोन-तीन तासांची झोप आधीच हिशोबात धरा.

परदेशात

रँडोनिअर मंडळींचं मोठं स्वप्न म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस: साधारण १,२०० किमी, ९० तास, दर चार वर्षांनी. २०२३ नंतरची २०२७ ला. त्या वर्षात २०० ते ६०० ही मालिका पूर्ण हवी, आणि आदल्या वर्षी जितकी लांब ब्रेवे केली असेल तितकी नोंदणी लवकर उघडते. म्हणून तयारी २०२६ मध्येच. ऑगस्ट असूनही ब्रिटनी प्रांतात पहाटे पारा १० अंशांखाली उतरू शकतो. पूर्ण बोटांचे हातमोजे, पायांचे वॉर्मर आणि वारारोधक जाकीट लागतंच. तिथे लुकलुकणारे दिवे चालत नाहीत, स्थिर हवेत.

इतकी घाई नको असेल तर डॅन्यूब नदीकाठचा पासाऊ ते व्हिएन्ना हा सुमारे ३२० किमीचा मार्ग घ्या: बहुतेक सपाट, डांबरी, पाट्या लावलेला. पाच-सहा दिवसांत निवांत होतो. तिथे सायकल भाड्यानं घेतलीत तर पहिली गोष्ट तपासा: आपल्याकडे उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, युरोपात बहुधा डावा. सवयीनं डावा जोरात दाबला तर पुढचं चाक अडून माणूस हँडलवरून पलीकडे. रिकाम्या गल्लीत पंधरा मिनिटं सराव करा.

स्वतःची सायकल न्यायची तर दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणा. सीटपोस्टवर टेप लावून उंचीची खूण करा. पेडल काढा, डावं पेडल घड्याळाच्या दिशेनं सुटतं, उलट जोर लावला तर आटे जातात. पुढचं चाक काढून फोर्कच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत गुंडाळा, प्रवासात सगळ्यात आधी तोच वाकतो. खोकं सहसा २३ किलोच्या आत बसवावं लागतं. विमान कंपनीला आधी कळवा. लिथियम बॅटरीचे सुटे दिवे आणि पॉवर बँक केबिनमध्येच, आणि १०० वॅट-तासांपर्यंतच. म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. बूट, पेडल आणि एक शॉर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. खोकं एक दिवस उशिरा आलं तरी भाड्याच्या सायकलवर सुरुवात करता येते.

सायकल जोडल्यावर राइडच्या किमान एक दिवस आधी २० किमी चालवा आणि सगळे गिअर बदलून बघा. मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र टाकताना डिरेलर स्पोकला लागत असेल तर बहुधा हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो भाग) वाकला आहे. तो दुकानातच सरळ करून घ्या.