लसीनंतरचा धोका आरोग्य-नोंदींतून कसा मोजावा

आधी प्रश्न पक्का करा: कोणती लस, कोणता आजार, किती दिवसांत. गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर तापातले झटके आले, तर ते साधारण ७ ते १० दिवसांनी येतात. रोटाव्हायरस लसीनंतर आतड्यात आतडे शिरण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ७ दिवसांत. हा जोखीमकाळ नोंदी उघडण्यापूर्वीच लिहून ठेवा. आकडे पाहून तो सरकवला, की हवे ते सापडतेच!

मग लसीकरण, रुग्णालयातील भरती आणि मृत्यू यांच्या नोंदी प्रत्येक व्यक्तीच्या एकाच सांकेतिक क्रमांकावर जोडा. खरी गडबड इथेच होते. लस दिल्याच्या तारखेऐवजी नोंद केल्याची तारीख पडते, एकच मात्रा दोनदा दिसते.

लस न घेतलेल्यांशी थेट तुलना टाळा. आजारी माणसाची लस पुढे ढकलली जाते, त्यामुळे घेणारे त्या आठवड्यात मुळातच ठणठणीत असतात. त्यापेक्षा त्याच व्यक्तीच्या जोखीमकाळाची तिच्याच इतर दिवसांशी तुलना करा. समजा, सर्वांच्या ७ दिवसांच्या जोखीमकाळात मिळून १० घटना आणि उरलेल्या ८४ दिवसांत ६० घटना झाल्या, तर दर दुप्पट झाला. व्यक्ती तीच असल्याने लिंग, जनुके, जुने आजार यांचा परिणाम आपोआप बाद होतो. वय आणि ऋतू मात्र हिशेबात घ्यावेच लागतात. लसीआधीचे १४ दिवस वेगळे काढा; आजाऱ्याची लस पुढे गेल्याने त्या दिवसांत घटना कमीच दिसतात, नाहीतर धोका फुगतो.

दर आठवड्याला तपासणार असाल, तर इशाऱ्याची पातळी कडक ठेवा. वारंवार पाहिल्याने खोटे इशारे वाढतात. इशारा मिळाल्यावर केसपेपर वाचा. कित्येकदा नोंदीतला आजाराचा संकेतांक नुसत्या संशयाचा असतो.