महागडा स्मार्ट स्पीकर घेताय? पैसे वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

"एवढे पैसे घातले आणि आवाज काही खास नाही" ही तक्रार महागड्या स्मार्ट स्पीकरबद्दल सारखी ऐकू येते, आणि तेच मॉडेल घेऊन प्रचंड खूश असलेली माणसंही तेवढीच भेटतात. दोघंही खरंच सांगत असतात. स्पीकर तोच असतो, पण तो कुठे ठेवलाय, त्याला गाणं कुठून मिळतंय आणि मुळात तो कशासाठी घेतलाय, यावर सगळं ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात वावरताना, कामं करताना चांगल्या आवाजात गाणी वाजत राहावीत, वायरींचा पसारा नको, तोंडाने सांगितलं की वाजलं पाहिजे, एवढं हवं असेल तर महाग स्मार्ट स्पीकर पैसे वसूल करून देतो. पण एका जागी बसून, बाकी सगळं बाजूला ठेवून गाणं ऐकायची सवय असेल तर त्याच पैशात आतच अँप्लिफायर असलेले दोन साधे स्पीकर आणि एखादा छोटा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा) घ्या, आवाजात ते पुढेच राहतात. ही निवड घेण्याआधी नीट केली की निम्म्या तक्रारी उरतच नाहीत. उरलेल्या निम्म्या खालच्या चुकांमधून येतात.

कोपऱ्यात किंवा कपाटात कोंबणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि फुकटात सुधारता येणारी. स्पीकर दिसू नये म्हणून लोक तो खोलीच्या कोपऱ्यात नाहीतर पुस्तकांच्या मधल्या खणात सरकवून देतात आणि मग म्हणतात बेस फार घुमतो, गायकाचे शब्द कळत नाहीत. कारण साधं आहे. खालच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या सगळ्या बाजूंनी पसरतो, भिंत जवळ असली की तो परत फिरून मूळ आवाजात मिसळतो, आणि एका भिंतीमुळे तो 6 डेसिबलपर्यंत वाढू शकतो. कोपऱ्यात दोन भिंती आल्या, खाली टेबल आलं, म्हणजे सगळं मिळून किती वाढत असेल बघा.

तपासायची सोपी रीत म्हणजे गाणं लावूच नका, एखाद्या भारी आवाजाच्या माणसाचं बोलणं लावा, पॉडकास्ट किंवा बातम्या काहीही चालेल. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला पक्कं माहीत असतं, त्यामुळे गडबड लगेच पकडली जाते. निवेदक पिंपात बसून बोलतोय असं वाटलं तर स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, परत ऐका, अजून वीतभर ओढा. कुठेतरी एक जागा येते जिथे छातीतली घुमघुम कमी होते आणि "स", "श", "त" सारखी अक्षरं सुटी सुटी ऐकू यायला लागतात. तिथेच थांबा. मग गाणं लावा.

एवढं करूनही बेस विचित्र वाटला तर स्वतःची बसायची जागा बदलून बघा, कारण प्रत्येक खोलीची स्वतःची एक घुमणारी पट्टी असते. समोरासमोरच्या भिंतींत 4 मीटर अंतर असेल तर साधारण 43 हर्ट्झचा सूर त्या खोलीत अडकून घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर तो जास्त ऐकू येतो आणि बरोबर मधोमध बसलात तर जवळजवळ गायब होतो. यात स्पीकरचा काही दोष नाही आणि दुसरा स्पीकर आणूनही हे जाणार नाही.

बऱ्याच महाग मॉडेलमध्ये खोलीप्रमाणे आवाज जुळवून घ्यायची सोय असते, ॲपलचा होमपॉड जागा हलवली की आपणहून परत जुळवतो, सोनोस कंपनीच्या स्पीकरमध्ये ट्रूप्ले नावाची सोय आहे जी ॲपमधून चालवावी लागते. लोक ती पहिल्या दिवशी चालवतात, मग महिन्याभराने स्पीकर दुसऱ्या खोलीत नेतात आणि परत चालवायचं राहूनच जातं. जुन्या खोलीचा हिशोब नव्या खोलीत कसा चालेल?

डॉल्बी ॲटमॉससाठी (म्हणजे आवाज वरूनही येतोय असं वाटायला लावणाऱ्या गाण्यांसाठी) ॲमेझॉनचा 2019 चा इको स्टुडिओ किंवा सोनोस एरा 300 सारखं काही घेतलं असेल तर त्यातला एक स्पीकर छताकडे तोंड करून असतो आणि आवाज छतावर आपटून खाली यावा असा सगळा बेत असतो. त्याच्या डोक्यावर दुसरी फळी आली की तो आवाज तिथेच मेला. खणात ठेवायचं असेल तर असं मॉडेल घेऊच नका, साधं घ्या, पैसे वाचतील.

जागेबद्दल अजून एक, तेल किंवा मेण लावून चमकवलेल्या लाकडावर स्पीकर थेट ठेवू नका. 2018 साली पहिला होमपॉड आला तेव्हा त्याच्या सिलिकॉनच्या तळामुळे लाकडावर पांढरी गोल कडी उमटत होती आणि कंपनीनेही असं होऊ शकतं हे मान्य केलं होतं. खाली पातळ चटई किंवा जाड कापड टाकलं की विषय संपला.

एकाच डब्याकडून स्टिरिओची अपेक्षा

जाहिरातीत "खोली भरून टाकणारा आवाज" असं म्हटलेलं असतं आणि ते खोटं नाही, खोली भरते. पण डावीकडे गिटार, उजवीकडे तबला आणि मधोमध गायक असं चित्र डोळ्यासमोर उभं राहायला आवाज दोन वेगळ्या जागांवरून यावा लागतो. आत पाच ट्वीटर (वरच्या पट्टीचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) असोत की सात, ते सगळे एकमेकांपासून काही इंचांवर आहेत, त्यामुळे दोन-तीन मीटरवर बसलेल्या माणसाला ते एकाच ठिकाणाहून आल्यासारखंच ऐकू येतं.

म्हणून बजेट ठरलेलं असेल तर सगळ्यात वरचं एक मॉडेल घेण्यापेक्षा त्याच्या खालच्या पायरीचे दोन घेऊन जोडी लावणं मला कायम जास्त पटतं. जोडीत दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा. फक्त "आत्ता एक घेतो, दुसरा पुढच्या वर्षी" असं करताना सांभाळा, कारण जोडी सहसा एकाच मॉडेलची लागते. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या होमपॉडची स्टिरिओ जोडी होत नाही, सोनोस वन आणि एरा 100 ची पण होत नाही. मधल्या काळात मॉडेल बदललं की तुमचा पहिला एकटाच राहिला.

सगळं ब्लूटूथवरून वाजवणं

इथे खूप लोक गंडतात. वायफायचा स्पीकर घेतात आणि वर्षभर फोन ब्लूटूथने जोडून वाजवत बसतात, मग फोन दुसऱ्या खोलीत नेला की आवाज तुटतो, नोटिफिकेशनची टिंगटिंग स्पीकरवर वाजते, आणि आवाज परत एकदा दाबला जातो तो वेगळाच. ॲपमधलं कास्टचं किंवा स्पॉटिफाय कनेक्टचं चिन्ह दाबलं की स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो, फोन फक्त रिमोट राहतो, तुम्ही फोन घेऊन बाहेर गेलात तरी घरातलं गाणं चालूच राहतं. महाग स्मार्ट स्पीकरचे निम्मे पैसे याच सोयीचे असतात.

त्यातच ॲपची क्वालिटी सेटिंग कोणी उघडूनच बघत नाही. डेटा वाचवायचा पर्याय चालू राहिलेला असतो, कितीतरी जण फुकटच्या खात्यावर असतात. स्पॉटिफायच्या फुकट खात्यात जास्तीत जास्त 160 केबीपीएस (सेकंदाला किती डेटा येतो त्याचं माप) मिळतं, पैसे भरले की बऱ्याच प्लॅनमध्ये 320, 2025 पासून काहींत सीडीच्या दर्जाचंही, आणि सीडीच्या दर्जाचा आवाज कॉम्प्रेस न करता 1411 असतो. 160 वरून 320 चा फरक चांगल्या स्पीकरवर काही गाण्यांत कळू शकतो, झांजा आणि टाळ्या ऐकून बघा, तिथे आधी समजतं. त्याच्या पुढचा फरक एकट्या स्पीकरवर, घरातल्या आवाजात, मला तरी एवढा मोठा वाटत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची घाई नको. सेटिंगमध्ये आवाजाची पातळी "लाउड" वर असेल तर मात्र ती "नॉर्मल" करा, लाउडमध्ये गाणं दाबून मोठं केलेलं असतं आणि त्यातला चढउतार मरतो.

ॲटमॉसचंही तेच. ॲपल म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक अनलिमिटेड, टायडल यांच्याकडे ॲटमॉस गाणी आहेत. तुम्ही ज्या सेवेचे पैसे भरता तिथे ती नसतील तर छताकडे तोंड केलेला तो स्पीकर तुमच्यासाठी बिनकामाचा.

"आवाज वाढवला की बेस कमी होतो, स्पीकर बिघडलाय"

बिघडला नाहीये. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून हे स्पीकर हळू आवाजात बेस मुद्दाम वाढवून वाजवतात आणि आवाज चढवत गेलात की वूफर (बेस वाजवणारा आतला मोठा स्पीकर) फाटू नये म्हणून आतलं सॉफ्टवेअर तोच बेस आवरतं घेतं. अशा वेळी इक्वलायझरमध्ये (ॲपमधल्या बेस कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये) बेस अजून वर चढवला तर उपयोग होत नाही, सॉफ्टवेअर अजून जोरात दाबतं आणि सगळंच घुसमटल्यासारखं वाजतं. उलट करा, बेस थोडा खाली आणा, आवाज मोकळा होतो.

आणि खोली खरंच मोठी असेल तर एक छोटा स्पीकर पुरणार नाही हे मान्य करा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल वाढ लागते आणि तेवढ्यासाठी ताकद दहापट लागते, हे गणित कुठलीही कंपनी मोडू शकत नाही. दोन स्पीकर दोन बाजूंना ठेवून मध्यम आवाजात वाजवणं कधीही बरं.

मधेच तुटणं, ॲपमध्ये न दिसणं

स्पीकर परत करायला निघण्याआधी राउटरकडे बघा. फोन आणि स्पीकर एकाच नेटवर्कवर आहेत ना? गेस्ट वायफायवर उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत, फोनवर व्हीपीएन चालू असेल तरी तेच होतं. स्पीकर लोखंडी कपाटाजवळ किंवा टीव्हीच्या मागे असेल तर हलवा. मायक्रोवेव्ह चालू केला की गाणं अडखळत असेल तर स्पीकर 2.4 गिगाहर्ट्झवर आहे आणि मायक्रोवेव्हही तिथेच गोंधळ घालतो, 5 गिगाहर्ट्झवर न्या. रोज गायब होणाऱ्या स्पीकरसाठी राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता राखून ठेवला की बऱ्याचदा काम होतं. फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी, लोक तिथूनच सुरुवात करतात आणि मग सगळी खाती परत जोडत बसतात.

आपल्या फोनशी आणि सेवांशी जमतंय का हे न बघणं

होमपॉड सेटअप करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो, त्यावर ब्लूटूथने गाणी वाजत नाहीत आणि ऑक्सची (हेडफोनसारख्या पिनची) वायर लावायला जागा नाही. घरात निम्मे फोन अँड्रॉइड असतील तर ती निम्मी माणसं स्वतःच्या फोनवरून सहज काही वाजवू शकत नाहीत, मग आवाज कितीही गोड असो. सोनोस एरावर गूगल असिस्टंट चालत नाही, पण ब्लूटूथ आहे आणि वेगळं अडॅप्टर घेतलं तर वायरही लागते. "घरी चांगले स्पीकर आहेतच, ॲमेझॉनचा स्वस्तातला इको डॉट वायरने जोडून त्यांनाच स्मार्ट करतो" हा बेत खरं तर उत्तम आहे, पण डॉटमध्ये ऑक्स चौथ्या पिढीपर्यंतच होतं, 2022 च्या पाचव्या पिढीत ते काढून टाकलं. घ्यायच्या आधी मागची बाजू बघा.

हा स्पीकर किती वर्षं चालेल हे न विचारणं

किमतीचा खरा प्रश्न मला इथे वाटतो. साधा चांगला स्पीकर वीस वर्षं वाजतो. स्मार्ट स्पीकरचा वूफर ठणठणीत असतो पण त्याचं आयुष्य कंपनीच्या सर्व्हरवर आणि ॲपवर टांगलेलं असतं. गूगल होम मॅक्स 2017 ला आला आणि 2020 ला त्याचं उत्पादनच बंद झालं. सोनोसने मे 2024 मध्ये ॲप नवं केलं तेव्हा अलार्म, स्लीप टायमर अशा रोजच्या गोष्टी सुरुवातीला गायबच होत्या, लोक वैतागले, आणि जानेवारी 2025 मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. हार्मन कार्डनचा इनव्होक हा मायक्रोसॉफ्टच्या कोर्टाना या असिस्टंटवर चालणारा स्पीकर होता, 2021 मध्ये त्यातली कोर्टाना गेली आणि तो नुसता ब्लूटूथ स्पीकर उरला. पण उरला तरी, कारण त्यात ब्लूटूथ होतं.

म्हणून माझी अट अशी, महाग स्मार्ट स्पीकर घ्यायचा तर त्यात ब्लूटूथ किंवा वायर, यातलं एक तरी असलंच पाहिजे. उद्या ॲप बंद पडलं तरी त्यातून गाणं निघालं पाहिजे. आवाज आवडला पण ही सोय नसेल तर तो पाच-सहा वर्षांचाच सोबती धरून हिशोब करा आणि त्या हिशोबात परवडत असेल तर खुशाल घ्या.

दुकानात ऐकून ठरवणं

दुकानातली खोली वेगळी, तिथलं गाणं त्यांनी निवडलेलं, आणि दोन स्पीकर शेजारी ठेवले की जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, हे सगळ्यांचंच होतं. त्यापेक्षा परत करायची मुदत असलेला स्पीकर घ्या, खोकं जपून ठेवा, आणि पहिल्या आठवड्यात तुमच्याच खोलीत तुमच्या पाठ असलेल्या गाण्यांवर त्याला तपासा. एकदा रात्री अगदी हळू आवाजात, एकदा भर दुपारी घर गजबजलेलं असताना. शेजारी जुना स्पीकर ठेवा, दोघांचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत जुळवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणालातरी न सांगता बदलायला सांगा. कुठला वाजतोय हे तुम्हाला दोन-चार गाण्यांत ओळखता आलं नाही तर मुदत संपायच्या आत परत करून टाका.