व्हेरिगेटेड हॉर्स चेस्टनट बागेत कसा वाढवावा

हॉर्स चेस्टनटच्या दुरंगी पानातला पांढरा किंवा पिवळा भाग डोळ्यांना सुखावतो, पण झाडाच्या पोटापाण्याला त्याचा उपयोग नाही. त्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो अन्न बनवत नाही आणि उन्हात आधी तोच करपतो. जागा, पाणी, छाटणी, सगळं या नाजूक पानाकडे बघून ठरवावं लागतं. साध्या हिरव्या हॉर्स चेस्टनटसारखं हे झाड लावून सोडून दिलं की ते एकतर करपतं, नाहीतर हळूहळू हिरवं होऊन जातं.

हे झाड मूळचं आग्नेय युरोपातल्या बाल्कन डोंगरांतलं. त्याला खरा हिवाळा लागतो, म्हणून पुण्या-मुंबईत त्याच्या मागे लागू नये. तिथे दुरंगी पानांची हौस असेल तर पिवळ्या शिरांचा शोभेचा पांगारा लावावा. नावांचा घोळ मात्र होऊ देऊ नका: कुमाऊँ-गढवालमध्ये ‘पांगर’ म्हणतात तो आपला पांगारा नव्हे, तो हिमालयातला हॉर्स चेस्टनट. पुढची माहिती ब्रिटनमधल्या बागांसाठी आहे.

वाण निवडताना आधी बागेचं माप बघा. ‘विसेलिंक’ची कोवळी पालवी मलईसारखी पांढरी आणि शिरा हिरव्या. सगळ्यांत देखणा हाच, सगळ्यांत हळू वाढणारा आणि उन्हाला सगळ्यांत हळवाही हाच. ‘हॅम्पटन कोर्ट गोल्ड’ पिवळा फुटतो आणि पुढे हिरवटतो. बाग लहान असेल तर ‘एरिथ्रोब्लास्टोस’ घ्या. हा हॉर्स चेस्टनटच्या जवळच्या दुसऱ्या जातीचा आहे आणि खऱ्या अर्थाने दुरंगी नाही, पण वसंतात त्याची पालवी शिजलेल्या कोळंबीसारखी गुलाबी येते, मग पिवळी पडते आणि भर उन्हाळ्यापर्यंत हिरवी होते. साधा हॉर्स चेस्टनट 30 मीटरपर्यंत जातो. दुरंगी वाण तितके वाढत नाहीत, तरी घराच्या भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपपासून निदान 15 मीटर अंतर ठेवा, विशेषतः चिकणमातीच्या जमिनीत.

ही सगळी झाडं कलमी असतात. उघड्या मुळांचं (मातीशिवाय विकलं जाणारं) रोप नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत मिळतं आणि कुंडीतल्यापेक्षा चांगलं रुजतं. घेताना फांदीच्या टोकाची कळी बोटांनी दाबून बघा. ती फुगीर, तपकिरी आणि, ‘एरिथ्रोब्लास्टोस’ सोडून बाकीच्यांत, चिकट हवी. तिच्या खाली, पान गळलं तिथे, घोड्याच्या नालेसारखा व्रण दिसतो आणि त्यात नालेच्या खिळ्यांसारखे ठिपके. साल नखाने किंचित खरवडली तर खाली हिरवी, ओलसर हवी. कलमाच्या सांध्यावर भेग किंवा डिंकासारखा स्राव असेल तर रोप घेऊ नका.

जागा अशी निवडा की सकाळचं ऊन मिळेल, पण दुपारी बारा ते चार मोठ्या झाडाची किंवा इमारतीची सावली पडेल. पूर्ण सावलीत रंग मळकट होतो. वारा अडेल अशी जागा हवी, कारण या पानात पाच ते सात मोठ्या पर्णिका (एकाच देठावरचे पानासारखे भाग) असतात आणि कोरड्या वाऱ्यात त्या कडेपासून सुकतात.

खड्डा मुळांच्या पसाऱ्याइतकाच खोल आणि त्याच्या तिप्पट रुंद खणा. चिकणमातीत तो चौकोनी ठेवा आणि बाजू फावड्याने ओरखडून घ्या, नाहीतर गुळगुळीत भिंतीला लागून मुळं गोल फिरत राहतात. खड्ड्यात शेणखत किंवा कंपोस्ट भरू नका. ते कुजून बसतं आणि झाड खाली खचतं. काढलेली मातीच परत भरा. खोड जिथे रुंदावून मुळांना मिळतं, तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. एक खुंटी रोवून उंचीच्या एक तृतीयांशावर सैल बांधा आणि दोन वर्षांनी ती काढून टाका. वरून 7-8 सेंटिमीटर जाडीचं पालापाचोळ्याच्या खताचं किंवा लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन एक मीटर त्रिज्येत पसरा. खोडाभोवती मात्र 10 सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा.

पहिले दोन उन्हाळे, मे ते ऑगस्ट, पाऊस नसेल तर आठवड्यातून दोनदा 20-25 लिटर पाणी एका वेळी द्या. रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच राहतात. नत्राचं खत टाळा, त्याने येणारं मऊ, लुसलुशीत पान आणखी लवकर करपतं. पालवी एप्रिलमध्ये फुटते. मेमध्ये उशिराचं, गोठवणारं दहिवर पडणार असेल तर लहान झाडावर रात्री फ्लीस (झाडं झाकायचं हलकं कापड) टाका.

आता खरी राखण. हिरव्या फांदीला अन्न जास्त मिळतं म्हणून ती दुरंगी फांदीपेक्षा जोमाने वाढते. पूर्ण हिरव्या पानांचा फुटवा दिसला की छाटणीच्या मोसमाची वाट न बघता, अगदी जूनमध्येसुद्धा, तो जिथून निघाला तिथपर्यंत कापा. अर्धा कापला तर खालच्या हिरव्या डोळ्यांतून दुप्पट फुटवे येतात. कलमाच्या सांध्याखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या साध्या रोपावर कलम केलं त्याचे, असतात. ते कोवळे असताना हाताने ओढून उपटा. बाकीची वळण देण्याची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस करा.

पानं तपकिरी झाली की लोक घाबरून फवारणी करतात. आधी पान तोडून उजेडात धरा. डाग दोन शिरांच्या मध्ये अडलेला, लांबट, आरपार दिसणारा असेल आणि आत बारीक अळी दिसत असेल तर ती पान पोखरणारी अळी. ती ब्रिटनमध्ये 2002 पासून आहे. तिने झाड मरत नाही. तिचे कोष गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, म्हणून शरदात झाडाखालचं एकूणएक पान गोळा करून पोत्यात घट्ट बांधा आणि पुढच्या जुलैपर्यंत उघडू नका. डागाला पिवळी कड असून तो पानाच्या टोकाकडून शिरा ओलांडत पसरला असेल तर तो बुरशीचा करपा. त्यालाही पानं गोळा करणं हाच उपाय. आणि फक्त पांढरा भाग कडेपासून कागदासारखा सुकला असेल तर तो ऊन-वाऱ्याचा चटका. तिथे पाणी आणि सावली वाढवा.

काळजी करावी ती खोडाची. सालीतून गंजाच्या रंगाचा चिकट द्रव पाझरून काळा पडत असेल तर तो जिवाणूंचा कॅन्कर, म्हणजे साल मारणारा रोग. याचा जिवाणू भारतात 1969 साली हिमालयी हॉर्स चेस्टनटच्या पानांवर सापडलेल्या जिवाणूशी फार जवळचा आहे. औषध नाही. पण सालीचा सगळा घेर वेढला गेला नसेल तर झाड पुष्कळदा सावरतं, म्हणून लगेच तोडू नका. हत्यारं मात्र प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा.

फळांबद्दल घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा. बी विषारी आहे. खाण्याच्या चेस्टनटचं टरफल सुयांनी दाट भरलेलं असतं, याच्या टरफलावर मोजके, आखूड काटे.

बी पेरून दुरंगी झाड मिळत नाही. रोपं बहुधा हिरवी निघतात आणि पूर्ण पांढरं निघालेलं रोप बियातला साठा संपला की मरतं. बी खुंटासाठी वापरा. शरदात ताजं बी पाण्यात टाका, तरंगेल ते टाकून द्या. बुडालेलं बी न सुकवता 3 सेंटिमीटर खोल पेरा आणि खारींपासून वाचवायला वर जाळी बांधा. दोन वर्षांनी खोड पेन्सिलीइतकं झालं की ऑगस्टच्या सुरुवातीला डोळा भरा, म्हणजे दुरंगी झाडाची एक कळी खुंटाच्या सालीत बसवून पट्टीने बांधा. डोळा नेहमी अशा फांदीवरचा घ्या जिच्या पानांत हिरवा आणि पांढरा दोन्ही भाग नीट आहेत. सहा आठवड्यांनी पट्टी काढा आणि मार्चमध्ये खुंट डोळ्याच्या लगेच वर तिरका कापा. एप्रिलमध्ये पहिलं पान उलगडेल तेव्हा ते नीट बघा: ते नुसतं हिरवं असेल तर फुटवा भरलेल्या डोळ्याचा आहे की खुंटाचा, हे सांध्यापाशी तपासा आणि खुंटाचा असेल तर त्याच दिवशी काढा.