औषध कंपनीचा ‘सप्लायर कोड’ आलाय? सही करण्याआधी या चुका टाळा

१९०७ मध्ये अलेम्बिक सुरू झाली तेव्हापासून बडोदं औषधांच्या धंद्यात आहे. आता हलोल, पादरा, वाघोडियापर्यंत प्लांट पसरलेत. त्यांना खोकी, लेबलं, बाटल्या, झाकणं, द्रावकं पुरवणारे, गणवेश धुऊन देणारे, कॅन्टीन चालवणारे शेकडो लहान धंदेवाले मकरपुरा आणि पोर-रमणगामडीच्या जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, बसलेत. दांडिया बाजार, बाबाजीपुरा इथली आपली मराठी मंडळीही त्यात आहेत. या सगळ्यांच्या मेलमध्ये हल्ली एक जाडजूड पीडीएफ येऊन पडते: पुरवठादारांसाठीची आचारसंहिता. सोबत लांबलचक प्रश्नावली, आणि शेवटच्या पानावर सही-शिक्क्याची जागा.

भाषा कंपनीगणिक बदलते, गाभा फारसा बदलत नाही. मोठ्या औषध कंपन्यांनी मिळून पीएससीआय (फार्मास्युटिकल सप्लाय चेन इनिशिएटिव्ह) नावाची संस्था उभी केली आहे आणि तिची तत्त्वं पाच भागांत येतात: व्यवहारातला प्रामाणिकपणा, कामगारांचे हक्क, आरोग्य व सुरक्षा, पर्यावरण, आणि हे सगळं सांभाळणारी व्यवस्था. बऱ्याच कंपन्यांची आचारसंहिता याच चौकटीत बसते.

‘माल चांगला आहे ना? मग आमचा हजेरीचा मस्टर तुम्हाला कशाला बघायचाय?’ हा सवाल मकरपुऱ्यात नेहमी कानावर येतो. सवाल अगदीच चुकीचा नाही. पण २५० मिलिग्रॅमच्या औषधाचं खोकं ५०० मिलिग्रॅमच्या गठ्ठ्यात जातं ते बहुधा चौदाव्या तासाला, पेंगुळलेल्या माणसाच्या हातून. रुग्णाला खोकं उघडून काही तपासता येत नाही. म्हणून कंपनी तुमच्या मस्टरपर्यंत येते.

सगळ्या प्रश्नांना ‘हो’

प्रश्नावली भरतो अकाउंटंट, तीही जीएसटीचं रिटर्न भरता भरता. प्रत्येक रकान्यात ‘हो’. धोरण आहे का? हो. प्रशिक्षण होतं का? हो. मग धोरणांची कागदपत्रं मागितली की इंटरनेटवरून कुठलं तरी उतरवून वर आपलं लेटरहेड चढवायचं. अशा एका फायलीत बालकामगारविषयक धोरणाच्या तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच राज्यातल्या टायर कारखान्याचं नाव तसंच राहिलेलं होतं. खाली मालकांची झोकदार सही!

कंपनीकडून तपासणीला येणाऱ्या ऑडिटरला धोरणाच्या भाषेशी फारसं देणंघेणं नसतं. तो उत्तरं एकमेकांशी ताडून पाहतो. ‘कंत्राटी कामगार नाहीत’ असं लिहिलंत आणि गेट रजिस्टरमध्ये रोज सकाळी ठेकेदाराच्या नावावर अकरा माणसं आत येताना दिसली, की त्यानंतरच्या तुमच्या कुठल्याच ‘हो’वर त्याचा विश्वास बसत नाही. माझं मत सरळ आहे: उणीव चालते, लपवाछपवी चालत नाही. ‘तक्रार निवारणाची पद्धत लेखी नाही, मार्चअखेर करतो, जबाबदारी अमक्याची’ या उत्तराने ऑर्डर सहसा जात नाही. खोट्या ‘हो’ने मात्र पुरवठादार यादीतून उडालेले आहेत.

‘ती माणसं ठेकेदाराची आहेत’

कागदावर असतील. पण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो भरायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे तुमच्यावर, येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. पीएफचंही तसंच. त्यामुळे दर महिन्याला ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्याच्याकडून मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) यांचं चलन आणि नावांसकट यादी मागून घ्या. नुसतं चलन पुरत नाही. चलन आठ जणांचं आणि आत माणसं अकरा, असं सर्रास असतं. पगार बँकेतून गेला तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

ओव्हरटाइम ही खरी दुखरी नस. दिवाळीआधी सगळ्या कंपन्यांना माल हवा असतो, नंतर लाभपाचमेपर्यंत जीआयडीसी ओस पडते, आणि त्याआधी नवरात्रात माणसं संध्याकाळी सहानंतर मशीनवर थांबत नाहीत. (बडोद्यात गरबा सोडून कोण थांबेल?) मग उरलेल्या दिवसांत सोळा-सोळा तास मशीन चालतं. मस्टरवर मात्र सगळ्यांचे आठच तास. हे लपत नाही. उत्पादनाच्या नोंदीत रात्री साडेअकराला डाय पंचिंग (खोक्याच्या आकाराचं कटिंग) झाल्याचं लिहिलेलं असतं, त्यावर ऑपरेटरची सही असते, आणि तोच ऑपरेटर हजेरीप्रमाणे पाच वाजता घरी गेलेला असतो.

उपाय दोन मस्टर ठेवणं हा नाही. खरे तास लिहा, ओव्हरटाइम दुप्पट दराने द्या, आठवड्याची सुट्टी मोडू नका. अनेक कंपन्यांच्या आचारसंहितेत ओव्हरटाइम धरून आठवड्याला ६० तास ही वरची मर्यादा असते; कायद्याची मर्यादा त्याहून कडक असेल तर कायद्याची पाळायची. तास जास्त भरलेत हे खऱ्या मस्टरवरून दिसलं तर ती सुधारता येण्याजोगी त्रुटी ठरते. खोट्या मस्टरवरून दिसलं तर फसवणूक.

जाता जाता, आपल्या लोकांत घरोघरी होणारी एक गोष्ट. मुलाची दहावीची परीक्षा झाली की ‘सुट्टीत धंदा शिकेल’ म्हणून त्याला प्रेसवर आणून बसवतात. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही, आणि पंचिंग मशीनजवळ उभा असलेला पंधरा वर्षांचा मुलगा मालकाचा आहे की कामगाराचा, हे ऑडिटर विचारत बसत नाही. त्याला ऑफिसात बसवा, नाहीतर घरी झोपू द्या.

छापील रद्दी भंगारवाल्याला

खोकी, लेबलं, लीफलेट छापणाऱ्यांसाठी ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. रंग थोडा हलला, कटिंग चुकलं, म्हणून बाद केलेली खोकी गोणीत भरून शनिवारी भंगारवाल्याकडे जातात. किलोचा दर मिळतो, जागा मोकळी होते. पण ती बाद खोकी तुमच्यासाठी बाद असतात. नकली औषध बनवणाऱ्याला रंगातला तो फरक खुपत नाही. त्याला अस्सल खोक्यावरची अस्सल छपाई आयती मिळते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झालाय, तो याच डोकेदुखीवर उपाय म्हणून. तो कोड छापलेलं कार्टन तुमच्या दारातून रद्दीत गेलं, तर त्या उपायाला भोक तुम्हीच पाडलंत.

किती कागद आला, किती खोकी छापली, किती पाठवली, किती फाडली, हा हिशेब प्रत्येक जॉबला जुळायला हवा. बाद माल कुलूपबंद पिंजऱ्यात ठेवायचा, श्रेडरमधून काढायचा आणि मगच रद्दीत द्यायचा. फाडताना दोघांच्या सह्या, वजन, तारीख. श्रेडर लहान असेल तर निदान ब्रँडचं नाव आणि कोड यांवरून कटर फिरवून घ्या. शाई पुसायला वापरलेले छापील कागद, मशीन लावताना काढलेल्या पहिल्या शिटा, डिझायनरच्या टेबलावर पडलेले प्रूफ, हेही त्याच हिशेबात धरायचं. ऑडिटर नेमकं तिथेच वाकून बघतो.

न सांगता माल बदलणं

नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल संपला, म्हणून दुसऱ्याकडून घेतला. दर्जा तोच, दर दोन रुपयांनी कमी. यात कळवायचं काय?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुढे खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार उघडा पाडला. त्यानंतर लोक शहाणे व्हायला हवे होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यातली मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. विष तेच. हे द्रावक दिसायला आणि चवीला ग्लिसरीनसारखंच असतं आणि स्वस्त मिळतं. पिंपावरचं लेबल बदललं की डोळ्यांना फरक कळत नाही.

तुम्ही द्रावक विकत असाल तर हा धडा थेट तुमचा. पण शाई, गोंद, पुठ्ठा, बाटलीचे प्लास्टिकचे दाणे, झाकणातलं अस्तर यांनाही तोच नियम लागतो, कारण यातलं काही ना काही औषधाला चिकटतं किंवा त्यात उतरतं. कुठलाही बदल आधी लेखी कळवायचा, नमुना द्यायचा, होकार येईपर्यंत जुनाच माल वापरायचा. मूळ उत्पादकाचं विश्लेषण प्रमाणपत्र आपल्या लेटरहेडवर टाइप करून पुढे पाठवण्याची व्यापाऱ्यांची सवय तर आजच सोडा. मूळ कागदच पुढे गेला पाहिजे, उत्पादकाच्या नावासकट. ‘कंपनी थेट त्याच्याकडून घेईल’ ही भीती खरी आहे, मान्य. तिच्यावर उपाय करारात एक कलम घालणं हा आहे. नाव खोडणं नव्हे.

आदल्या रात्री लिहिलेलं रजिस्टर

सहा महिन्यांचं तापमान एकाच पेनाने, एकाच अक्षरात, रोज २५ अंश. वडोदऱ्याच्या मे महिन्यातही २५. एके ठिकाणी तर दिवाळीच्या सुट्टीत कारखान्याला टाळं होतं, त्या दिवसांच्याही नोंदी सकाळी दहा आणि दुपारी चारच्या वेळेसकट होत्या. ऑडिटरने काही न बोलता सुट्टीची नोटीस मागितली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम होताना झालेली असावी, मूळ असावी, बरोबर असावी. एवढंच. राहून गेलेली नोंद रिकामी सोडा, शेजारी ‘नोंद राहिली’ लिहून आजची तारीख टाका. खाडाखोड असेल तर एक रेघ, सही, कारण. पांढरी शाई कारखान्यात ठेवूच नका. आणि ‘ऑगस्ट २०२४ च्या पुरात सगळं भिजलं’ हे उत्तर ज्यांचं खरंच भिजलं त्यांना शोभतं. तसं असेल तर फोटो, विम्याचा दावा, त्या वेळी कंपनीला पाठवलेला मेल दाखवा. तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर विश्वामित्री नदीने नेलं आणि त्याच कपाटातलं चेकबुक मात्र कोरडं राहिलं, हे कोणी ऐकून घेत नाही.

दिवाळीचा डबा आणि ‘साहेबांचं बघून घ्या’

बडोद्याच्या लिल्या (ओल्या) चिवड्याचा पुडा आणि कॅलेंडर यावर कोणाची नोकरी जात नाही. पण डब्याखाली व्हाउचर, क्यूए (गुणवत्ता विभाग) अधिकाऱ्याच्या घरी पोचवलेला मिक्सर, त्याच्या भाच्याला लावलेली नोकरी, हे सगळं आचारसंहितेत लाच म्हणूनच मोडतं. काही कंपन्या मर्यादा देतात, काही शून्य म्हणतात. खरेदी विभागाला सप्टेंबरातच मेल टाकून विचारा, आणि जे पाठवायचं ते ऑफिसच्या पत्त्यावर, उघड.

सरकारी बाबूंचा प्रश्न जास्त अवघड आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. एजंटमार्फत दिली तरी सुटका नाही. एजंटच्या बिलावर ‘इतर खर्च’ अशी मोघम ओळ असेल तर ते बिल परत पाठवा.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात. शाईच्या चिंध्या, सॉल्व्हंटचे रिकामे डबे घातक कचऱ्यात येतात. ते अधिकृत ठिकाणी गेल्याची पावती ठेवा आणि जीपीसीबीची (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी मुदतीत आहे का ते आज बघा. धुण्याचं पाणी पावसाळी गटारात सोडू नका. ते शेवटी कुठे जातं, ते बडोदेकरांना सांगायला नको.

त्रुटी निघाल्यावर काय

निघणारच. पहिल्याच ऑडिटमध्ये एकही एनसी (नोंदवलेली त्रुटी) नाही असं क्वचितच होतं. चूक होते ती उत्तर लिहिताना. ‘संबंधित कामगारास समज देण्यात आली’ हे वाक्य वाचून क्यूएवाले वैतागतात. खोकी मिसळली तर का मिसळली? दोन जॉब एकाच टेबलावर होते. का? लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या जॉबचा माल हटवून टेबल रिकामं केल्याची तपासणी, झालाच नाही. का? रात्रपाळीला तपासनीसच नव्हता. आता उत्तर सापडलं: रात्री तपासनीस ठेवा, किंवा सारख्या दिसणाऱ्या खोक्यांचे जॉब रात्री लावू नका. मुदतीत जमणार नसेल तर मुदत संपायच्या आधी मेल करा. गंभीर चूक तुम्हालाच सापडली तर त्याच दिवशी फोन करा, माल त्यांच्या गोदामात पोचलेला असला तरी. तेव्हा तो थांबवता येतो. बाजारात गेल्यावर परत बोलवावा लागतो, आणि त्या खर्चाचा वाटा तुमच्याकडे येतो.

आपण काहीच विचारत नाही

आचारसंहिता पाठवणारी कंपनीच सोमवारी ऑर्डर देऊन शुक्रवारी माल मागते आणि पैसे ९० दिवसांनी देते. त्यातूनच सोळा तासांची पाळी जन्माला येते, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत देणं २००६ च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेल्या रकमेची वजावट कंपनीला त्या वर्षी मिळत नाही, म्हणून त्यांचा हिशेब विभागही आता ऐकून घेतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

घाईची ऑर्डर आली तर मेलमध्ये आकडे लिहा: इतकी खोकी, इतके मशीन-तास, इतकी माणसं; तुमच्याच आचारसंहितेतल्या तासांत हे पुढच्या बुधवारपर्यंत होईल, शुक्रवारी हवं असेल तर निम्मा माल देतो. मेल खरेदी विभागाला पाठवा आणि ज्याने आचारसंहिता पाठवली होती त्यालाही सीसीत ठेवा. खरेदीवाला फोन करून कुरकुर करेल. निम्मा माल शुक्रवारी, उरलेला बुधवारी, यावर तो बहुधा तयार होतो.