मुरबाडच्या थंडीत पिल्लं काढायची तर

कोंबडीपालनात नव्याने उतरणारे मला हमखास विचारतात, थंडीत पिल्लं काढावीत का? जरूर काढावीत. फक्त आपल्या भागाची थंडी आधी ओळखा. मुरबाड-शहापूरकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन चटके देतं आणि पहाटे गोधडी पुरत नाही. म्हसाच्या जत्रेच्या सुमारास हे हमखास जाणवतं. पिल्लाला सोसत नाही तो हा चढउतार.

त्यामुळे अंडी उबवायचं मशीन पत्र्याखालच्या पडवीत नको, घराच्या आतल्या खोलीत हवं. पंखा असलेल्या मशीनला 37.5 अंश तापमान, पहिले 18 दिवस आर्द्रता 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. कोरडी हवा सुटली की पाण्याचा ट्रे लवकर आटतो, तो रोज बघा. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, झाकणही उघडायचं नाही. चोच मारलेलं अंडं काचेतून दिसलं की हात शिवशिवतात. पण झाकण उघडलं की ओल निघून जाते, कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच अडकून मरतं.

वीज गेली तर मशीनचं झाकण बंदच ठेवा, वर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी राहू द्या. थोडा वेळ गारवा लागला तर गर्भ बहुधा तग धरतो, फार तर पिल्लं उशिरा निघतात. जास्त तापलं तर मात्र वाचत नाहीत.

पिल्लं ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बने ऊब दिलेल्या जागेत, आली की पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर लावाच, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे. चोची उघडून कडेला पांगली असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा शिरतोय. हे बघायला पहाटे तीन-चारला उठावं लागतं, त्याला पर्याय नाही. दुपारी बल्ब वर उचलायचा किंवा एखादा बंद करायचा.

थंडीच्या भीतीने शेडच्या चारी बाजूंचे पडदे गच्च बांधतात, ते मला अजिबात पटत नाही. विष्ठेचा अमोनिया कोंडतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात, छाती धरते. पडदा खालून पक्का बांधा आणि वरून वीतभर मोकळा ठेवा. वारा पिल्लांच्या डोक्यावरून जातो. आत गेल्यावर आपल्याच डोळ्यांना झोंबलं तर लगेच पडदा खाली घ्या.

अवकाळीचीही तयारी हवी. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला भर थंडीत पाऊस कोसळला होता. पिल्लांखाली अंथरलेलं भाताचं तूस भिजलं तर त्याच दिवशी काढून कोरडं घाला, ओल्या गादीत रक्ती हगवण फोफावते. तुसाची जादा पोती छपराखाली असू द्या. मानमोडी (राणीखेत) रोगावरची लासोटाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. पिल्लं गारठलेली असतील तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मगच द्या.

आणि मशीन विकत घेण्याआधी एखादी खुडूक गावठी कोंबडी दहा-बारा अंड्यांवर रवणीला बसवा. ती केव्हा उठते, अंडी कशी फिरवते, पिल्लांना पंखाखाली कधी घेते, हे एकवीस दिवस आणि पुढचा महिनाभर नीट बघा.